विम्याशिवाय गाडी आणि कोर्टाची तारीख

आधी एकच बघा: पोलिसांनी अडवलं त्या घटकेला पॉलिसी चालू होती का? चालू होती आणि नुसता कागद जवळ नव्हता, तर काम सोपं आहे, ती दाखवा. पण पॉलिसीवर तारखेसोबत वेळही छापलेली असते. दुपारी सापडलात आणि संध्याकाळी ऑनलाइन काढलीत, तर ती बचावाला चालत नाही. हा उद्योग बरेच जण करतात आणि तिथेच उघडे पडतात.

खरंच नव्हती? मग आजच निदान थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४०००. नवी पॉलिसी हातात असली की निदान सुधारल्याचं तरी दिसतं.

कोर्टात जाताना समन्स, चलन, आरसी, लायसन्स, पॉलिसी, सगळ्याचं मूळ आणि झेरॉक्स. पुकारा होईल तेव्हा चहाच्या टपरीवर नको, वॉरंट निघालं तर नसती कटकट. कबूल करायचं असेल तर दोन वाक्यांत करा, हवालदाराची गाऱ्हाणी नकोत. ‘मिटवून देतो’वाल्यांना लांबूनच नमस्कार. दंडाची पावती जपा.

अपघातात कुणाला लागलं असेल तर मात्र आधी वकील गाठा. तिथे भरपाई मालकाच्या खिशातून जाते.