जुनं सॉफ्टवेअर निघत नसेल तर आधी ते कसं बसवलं होतं ते शोधा

तुम्ही विचारलंय की ऑफिसातल्या साठेक संगणकांवरून एका सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती काढून नवी टाकायची आहे. बहुतेक मशिनवरून ती सरळ निघाली, पण दहा-बारा ठिकाणी अनइन्स्टॉल मध्येच अडकतं आणि फोल्डर हाताने डिलीट केलं तरी नवा इन्स्टॉलर 'आधीची आवृत्ती काढा' म्हणून थांबतो.

फोल्डर डिलीट करणं आधी थांबवा. त्याने फक्त फायली जातात. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) नोंदी आणि सर्व्हिस (मागे आपोआप चालणारे भाग) तशाच राहतात, आणि नवा इन्स्टॉलर बहुधा नोंदच तपासतो. शिवाय अनइन्स्टॉलर त्याच फोल्डरमध्ये असेल तर तोही गेला. जिथे डिलीट करून झालंय तिथे तीच जुनी आवृत्ती त्याच जागी पुन्हा बसवा आणि मग रीतसर काढा. उलटा उद्योग वाटेल, पण अशा मशिनवर मला हाच मार्ग सर्वांत कमी त्रासाचा वाटतो.

आता ती आवृत्ती कशी बसवली होती ते बघा. रजिस्ट्रीत एचकेएलएम या अख्ख्या मशिनसाठीच्या विभागाखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल असं आत जा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामच्या नोंदी वॉव६४३२नोडखाली असतात, तिथेही बघा. बहुतेक नोंदींत अनइन्स्टॉलस्ट्रिंग नावाची ओळ असते, म्हणजे प्रोग्राम काढायची आज्ञा. तिच्यात एमएसआयएक्झेक आणि महिरपी कंसातला लांबलचक कोड दिसला तर पॅकेज एमएसआय आहे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने (एमएसआयएक्झेकने) बसवलेलं. बऱ्याचदा त्या ओळीत कोडच्या आधी 'स्लॅश आय' असतं. ते 'स्लॅश एक्स' करा, नाहीतर काढण्याऐवजी दुरुस्तीची खिडकी उघडते. ही यादी काढायला विन३२_प्रॉडक्ट ही डब्ल्यूएमआय क्वेरी (विंडोजला मशिनची माहिती विचारण्याची एक सोय) वापरू नका. कितीतरी ठिकाणी तीच सुचवलेली असते, पण ती मशिनवरचं प्रत्येक एमएसआय पॅकेज तपासत बसते आणि काही बिघडलेलं दिसलं तर त्याची दुरुस्तीही सुरू करते. लोक काम करत असताना साठ मशिनवर हे होऊ देऊ नये.

एमएसआय निघत नसण्याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे सी ड्राइव्हवर विंडोजमधलं इन्स्टॉलर हे लपवलेलं फोल्डर. बसवलेल्या पॅकेजची प्रत विंडोज तिथे ठेवतं आणि काढताना तीच वाचतं. एका ऑफिसात डिस्क भरली म्हणून कुणीतरी हे फोल्डर रिकामं केलं होतं. मशिन महिनोन्महिने व्यवस्थित चालली आणि अपग्रेडच्या दिवशी एकही जुनं पॅकेज निघेना. तुमच्याकडे १६१२ ही चूक येत असेल, किंवा विंडोज मूळ फाइल कुठे आहे असं विचारत असेल, तर जवळजवळ नक्की हेच झालंय. अगदी त्याच आवृत्तीची, त्याच नावाची मूळ एमएसआय फाइल मिळवा, तिच्यावर एमएसआयएक्झेक 'स्लॅश एफव्ही' चालवा म्हणजे प्रत पुन्हा तयार होते, आणि मग काढा. मूळ फाइल मिळतच नसेल तर मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर वापरा. तो अडकलेल्या नोंदी साफ करतो, पण एका मशिनवर बसून करायचं काम आहे.

स्क्रिप्टने काढत असाल तर परत येणारा आकडा प्रत्येक मशिनसाठी लिहून ठेवा. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालंच, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. पुष्कळ स्क्रिप्ट याला अपयश धरतात आणि तुम्ही उगाच त्या मशिनच्या मागे लागता. १६०५ म्हणजे त्या कोडचं काही बसवलेलंच नाही. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळाने पुन्हा करा. १६०३ मात्र नुसतं 'बिनसलं' एवढंच सांगतो, त्यासाठी लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची लेखी नोंद, लागतोच.

पॅकेज एमएसआय नसून ईएक्सई असेल तर प्रत्येकाचा मूक स्विच (काही न विचारता चालवायचा पर्याय) वेगळा. इनो सेटअप आणि एनएसआयएस ही इन्स्टॉलर बनवायची दोन साधनं. इनो सेटअपचा 'व्हेरीसायलेंट', एनएसआयएसचा कॅपिटल 'एस'. एनएसआयएसचा अनइन्स्टॉलर स्वतःची प्रत टेंपमध्ये करून ती चालवतो आणि मूळ प्रक्रिया लगेच संपते. तुमच्या स्क्रिप्टला वाटतं काम झालं, ती नवा इन्स्टॉलर सुरू करते आणि दोघे एकमेकांवर आदळतात. 'मध्येच अडकतं' हे तुमचं वर्णन वाचून मला हीही शंका आली. नोंद खरंच गेली का हे बघूनच पुढचं पाऊल टाका.

काही प्रोग्राम फक्त त्या वापरकर्त्यापुरते बसतात. त्यांची नोंद रजिस्ट्रीतल्या एचकेसीयू या वापरकर्त्याच्या विभागात आणि फायली त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असतात, म्हणून सिस्टम खात्याने चालणाऱ्या स्क्रिप्टला त्या दिसतच नाहीत. तिथे स्क्रिप्ट त्या माणसाच्या लॉगिनमध्येच चालवावी लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काढण्याआधी डेटाची प्रत घ्या आणि ती उघडून बघा. काही अनइन्स्टॉलर डेटाबेसही सोबत नेतात, आणि ज्याचं वर्षाचं काम जातं त्याला 'जुनं होतं' हे उत्तर देता येत नाही. लायसन्स मशिनला बांधलेलं असेल तर तेही आधी सोडवून घ्या.

पॅकेज एमएसआय असेल तर अडकलेल्यांपैकी एका मशिनवर काढायच्या एमएसआयएक्झेक आज्ञेला 'स्लॅश एल स्टार व्ही' आणि फाइलचं नाव देऊन लॉग बनवा आणि त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. खरं कारण बहुधा त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत असतं. त्या ओळी प्रश्नात जोडल्यात तर मी बघून सांगतो.