पेट्युला क्लार्कला मोठं कोणी होऊ दिलं?

प्रश्न : माझी नात दहा वर्षांची आहे. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, गावातल्या कुठल्याही कार्यक्रमात तिचं गाणं ठरलेलं. दोन वेण्या, परकर-पोलकं आणि तीच दोन बालगीतं. लोक डोक्यावर घेतात. मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतं, की पेट्युला क्लार्क आधी इंग्लंडची लाडकी बालकलाकार होती आणि मग जगभर गाजलेली पॉप गायिका झाली. हे तिला कसं जमलं? आमच्या पोरीची काळजी वाटते म्हणून विचारते.
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं वाक्य दोन वेण्या आणि परकर-पोलक्याचं आहे. गाण्याकडे नंतर येऊ.

पेट्युलाचा जन्म १९३२चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडील लेस्ली क्लार्क यांना स्वतःला नट व्हायचं होतं, ते राहून गेलं. (असे वडील मला ओळखीचे आहेत. कॅम्पातल्या रेकॉर्डच्या दुकानात मी काउंटरवर असायचो, तेव्हा मुलाला पुढे ढकलून ‘म्हणून दाखव काकांना’ म्हणणारे हमखास यायचे. मूल बिचारं चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभं.) १९३९ साली, सात वर्षांचीही नीट झालेली नसताना, किंग्स्टनमधल्या बेंटॉल्स नावाच्या मोठ्या दुकानाच्या दालनात ती वाद्यवृंदाबरोबर गायली. बिदागी मिळाली टॉफीचा डबा आणि सोन्याचं मनगटी घड्याळ.

खरी सुरुवात ऑक्टोबर १९४२ची, दुसऱ्या महायुद्धातली. परदेशी लढायला गेलेल्या नातेवाइकांना बीबीसीवरून निरोप पाठवता येत. पेट्युला वडिलांबरोबर आपल्या काकांसाठी निरोप द्यायला गेली होती. तेवढ्यात बॉम्बहल्ला सुरू झाला. आत अडकलेली माणसं घाबरली. कोणीतरी काहीतरी म्हणा, असं निर्मात्याने सांगितलं, आणि ही मुलगी गायला उभी राहिली. तिचं गाणं ऐकून लोक शांत झाले, म्हणून तेच प्रसारणातही घेतलं. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत सैनिकांच्या करमणुकीसाठी तिचे सुमारे ५०० कार्यक्रम झाले म्हणतात. गावोगावी आगगाडीने जायचं, छावणीत गायचं, पुढची गाडी पकडायची. बरोबर दुसरी एक लहान गायिका असायची, ज्यूली अँड्र्यूज. दोघी डब्यात सामान ठेवायच्या फळीवर झोपायच्या, असं पेट्युलाने सांगितलं आहे.

या वणवणीने तिला दोन गोष्टी मिळाल्या. एक, मायक्रोफोनची जवळीक. मोठ्या सभागृहात आवाज लांब फेकावा लागतो, मायक्रोफोनपुढे तो कमी केला तरी चालतो, नव्हे, कमीच करावा लागतो. हे आमच्याकडच्या कितीतरी चांगल्या गायकांना पन्नाशीपर्यंत उमगत नाही. तिला ते दहाव्या वर्षी हाताला लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे काहीही झालं तरी गाणं न थांबवणं. बॉम्ब पडत असताना जी गायली तिला एखादा माइक बंद पडल्याचं काय?

पण युद्ध संपलं आणि पेच सुरू झाला. लोकांच्या मनात ती सैनिकांची चिमुकली होती, आणि लोकांना ती तशीच हवी होती. १९४४पासून सिनेमात होती, तिथेही भूमिका धाकट्या मुलीच्या. सोळाव्या वर्षी हगेट कुटुंबाच्या विनोदी चित्रपटांत ती शेंडेफळच. शरीर वाढतंय, विचार वाढतोय, आणि कपडे मात्र लहान मुलीचे. कारभार वडिलांच्या हातात. १९४९मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. मग रेकॉर्ड निर्माता अ‍ॅलन फ्रीमन आणि वडिलांनी मिळून पॉलिगॉन नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, तीत ती मुख्य गायिका. १९५४ साली तिचं पहिलं मोठं गाणं गाजलं, ‘द लिटल शूमेकर’. बाई बावीस वर्षांची होत आली होती आणि गात होती छोट्या चांभाराचं गोड गाणं! वाईट नाही ते. नीट बसवलेलं, स्वच्छ गायलेलं. पण त्यात गाणाऱ्या बाईचं वय कुठे सापडत नाही.

तुम्ही विचारता, कसं जमलं. माझं उत्तर एका वाक्यात सांगतो: ती अशा लोकांपुढे गेली ज्यांनी तिला लहान असताना पाहिलंच नव्हतं.

१९५७ साली पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. फ्रेंच येत नव्हतं, इंग्रजीतच गायली. दुसऱ्या दिवशी व्होग या फ्रेंच रेकॉर्ड कंपनीने बोलावलं. ती तिथे गेली असताना दिवा गेला आणि तो बदलायला एक देखणा माणूस आला. तो कंपनीचा प्रसिद्धी विभाग सांभाळायचा, नाव क्लोद वोल्फ. फ्रेंचमध्ये गा, असा आग्रह झाला, तिचं मन होईना. वोल्फ बरोबर काम करणार म्हटल्यावर तयार झाली. १९६१मध्ये लग्न झालं, ती फ्रान्समध्ये राहू लागली. १९६२ साली ‘या या ट्विस्ट’ आणि ‘शारिओ’ ही तिची फ्रेंच गाणी धडाक्यात चालली. पॅरिसच्या लोकांना ती छावणीतली चिमुकली ठाऊकच नव्हती. त्यांच्यापुढे एक तिशीची, जराशा चुकीच्या उच्चारांत झोकात गाणारी इंग्लिश बाई उभी होती, आणि ते उच्चारही त्यांना आवडले.

गंमत म्हणजे इंग्लंडने तिला पुन्हा स्वीकारलं ते या वळशानंतर. संगीतकार टोनी हॅच नवी गाणी घेऊन पॅरिसला तिच्या घरी आला. न्यूयॉर्कची पहिली सफर करून आल्यावर त्याने एक चाल बांधली होती, पण शब्द म्हणावेत असे नव्हतेच, जवळजवळ नुसतं शीर्षक. ती स्वयंपाकघरात चहा करत होती, तिथूनच तिने ऐकलं आणि म्हणाली, याला शोभतील असे शब्द लिहिलेस तर मी गाईन. ते ‘डाउनटाउन’. ऑक्टोबर १९६४मध्ये लंडनच्या ‘पाय’ नावाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. जानेवारी १९६५मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. इंग्लंडात दुसऱ्या, कारण पहिल्यावर बीटल्स बसले होते. सर्वोत्कृष्ट रॉक अँड रोल ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमीही मिळालं. त्याला रॉक अँड रोल म्हणणं मला आजही पटत नाही, पण परीक्षकांपुढे कोण बोलणार.

ऐका कधी. पहिल्या ओळी ती कानाशी बोलल्यासारखी म्हणते, एकट्या माणसाला धीर देत. मग ‘डाउनटाउन’ येतं आणि आवाज मोकळा सुटतो. बोलल्यासारखं म्हणणं रेडिओने शिकवलेलं, मोकळं सुटणं छावण्यांनी. लहानपण वाया गेलं असं मी म्हणूच शकत नाही. पण एकटेपणा कळलेली बाई त्या गाण्यात आहे, ती दोन वेण्यांतून आलेली नाही.

आता तुमची नात. गाऊ द्या, थांबवू नका. फक्त तीच दोन गाणी आता बंद करा. वर्षातून एकदा तरी, जिथे तिला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, कोल्हापूर म्हणा, पुणे म्हणा, साध्या कपड्यांत नवं गाणं गाऊ द्या. टाळ्या कमी पडल्या तर घरी येताना त्याबद्दल बोलू नका. आणि मिळालेलं मानधन, पाचशे असो की पाच हजार, तिच्याच नावाच्या खात्यात टाका.

प्रश्न : ती फ्रेंच की इंग्लिश? यूट्यूबवर दोन्ही भाषांत गाणी सापडतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इंग्लिश. नवरा फ्रेंच. ‘डाउनटाउन’ तिने फ्रेंच, जर्मन आणि इटालियनमध्येही गायलं आहे. जर्मन ऐकून मला हसू येतं, तुम्हीही ऐका.

प्रश्न : कोणाच्या तरी दंडाला हात लावला म्हणून तिचा टीव्हीवरचा कार्यक्रम अडचणीत आला होता, हे खरं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : खरं. १९६८ साली अमेरिकेत एनबीसीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम होता, पाहुणा होता काळा अमेरिकन गायक हॅरी बेलाफाँटे. युद्धाविरुद्धचं एक गाणं दोघं मिळून गात असताना भरात तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. प्रायोजक होती प्लिमथ ही मोटार कंपनी. गोऱ्या बाईचा हात काळ्या माणसाच्या दंडावर, दक्षिणेकडचे ग्राहक काय म्हणतील, म्हणून कंपनीच्या माणसाने तो भाग बदलायला सांगितला. तिने आणि वोल्फने नकार दिला. इतकंच नाही, तर त्या गाण्याची बाकीची सगळी चित्रणं पुसायला लावली, म्हणजे दाखवायला हा एकच उरला. ८ एप्रिलला तो प्रक्षेपित झाला. चारच दिवसांपूर्वी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती.

वडिलांच्या आणि स्टुडिओच्या सांगण्यावरून वाढलेली मुलगी ती. पस्तिसाव्या वर्षी पैसे देणाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणाली, हे मला तिच्या ग्रॅमीपेक्षा मोठं वाटतं. बेलाफाँटेने जन्मभर हे सोसलं होतं, हेही विसरू नये. तिच्यासाठी ती एक संध्याकाळ होती.

प्रश्न : एवढं वाचून ऐकावंसं वाटलं. कुठून सुरुवात करू? अजून गाते का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : रंगभूमी तिने सोडलीच नाही. १९८१मध्ये लंडनला ‘द साउंड ऑफ म्युझिक’ केलं, नंतर ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधली नॉर्मा डेस्मंड, आणि २०१९ साली, सत्त्याऐंशीची होत असताना, लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरमध्ये ‘मेरी पॉपिन्स’मधली पाखरांसाठी दाणे विकणारी म्हातारी.

‘डाउनटाउन’ने सुरुवात सगळेच करतात, करा. मग ‘धिस इज माय साँग’. त्याचे शब्द-चाल चार्ली चॅप्लिनची, १९६७मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होतं. मला ते जरा पाकात घोळवल्यासारखं वाटतं, पण आमच्या दुकानात त्याचीच मागणी जास्त. ‘शारिओ’ मूळ फ्रेंचमध्येच ऐका. शेवटी २०१३च्या ‘लॉस्ट इन यू’ या अल्बममधलं ‘डाउनटाउन’ लावा. ऐंशीच्या बाईने तेच गाणं अगदी संथ करून म्हटलं आहे. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर त्यातले श्वास ऐकू येत नाहीत.