महागड्या मोबाइल कंपनीचे रिचार्ज खरोखरच अधिक फायद्याचे असते का?

जास्त पैसे घेणाऱ्या कंपनीची सेवा त्या प्रमाणात चांगली असते का, की स्वस्त कंपनीकडे नंबर पोर्ट करावा, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आपल्याकडे दरांतील फरकावरून सेवेचा दर्जा ठरवता येत नाही. आपण दिवसाचा बहुतेक वेळ जिथे असता तिथे कोणत्या कंपनीची रेंज नीट मिळते, यावरच पैसे वसूल होतात की वाया जातात ते ठरते.

आधी हा फरक किती, ते पाहू. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबी डेटा देणारे २८ दिवसांचे रिचार्ज जिओकडे २९९ रुपयांना, तर एअरटेल आणि व्हीआय यांच्याकडे ३४९ रुपयांना झाले. पन्नास रुपये किरकोळ वाटतात. परंतु २८ दिवसांच्या मुदतीमुळे वर्षात तेरा वेळा रिचार्ज करावे लागते आणि हा फरक ६५० रुपयांवर जातो. बीएसएनएलने त्या वेळी दर वाढवले नाहीत, म्हणून अनेकांनी तिकडे नंबर नेले. त्यांतील काहींची सोय झाली आणि काहींना परत फिरावे लागले, कारण दर सगळीकडे सारखा असला तरी रेंज तशी नसते.

माझ्या आईचे घर राजापूर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर आहे. भिंती जाड चिऱ्याच्या असल्यामुळे तिच्या पूर्वीच्या कंपनीची रेंज पडवीत असायची आणि माजघरात नाहीशी व्हायची. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात ताटकळत असे आणि त्याला सांगायचा कोड आई अंगणात गेल्यावर फोनवर येत असे. कंपनी शहरात नावाजलेली होती आणि रिचार्जही महाग होते. शेवटी शेजारच्या घरात स्वयंपाकघरापर्यंत ज्या कंपनीची रेंज येते तिचे सिमकार्ड घेतले आणि अडचण संपली. ते स्वस्त निघाले हा योगायोग होता. महाग असते तरी मी तेच घेतले असते.

यामागचे कारण तांत्रिक आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, तर २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वेग भरपूर देतात पण लवकर क्षीण होतात. कोणत्या भागात कोणत्या कंपनीच्या कोणत्या लहरी पोहोचतात, ते सगळीकडे सारखे नसते. त्यामुळे पुण्यातील मित्राने केलेली शिफारस आपल्या वाडीत लागू पडेलच असे नाही. घरात कोणी जुना टू-जी फोन वापरत असेल, तर तो जिओवर चालणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

कंपनी बदलण्यापेक्षा प्लॅन बदलून अधिक पैसे वाचतात, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ज्यांच्या घरी वायफाय आहे ते रोजचा दोन जीबी डेटा संपवत नाहीत आणि तरीही त्याचे पैसे भरत राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले. ज्येष्ठांसाठी किंवा दुसऱ्या सिमसाठी ते पुरेसे असते. उलट, फाइव्ह-जी फोनवर दिवसभर व्हिडिओ पाहणाऱ्याने दोन जीबीच्या प्लॅनचा हिशेब करावा, कारण २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलकडे अमर्याद फाइव्ह-जी दीड जीबीच्या प्लॅनवर मिळेनासे झाले.

आपला फोन दोन सिमचा असेल, तर नव्या कंपनीचे सर्वांत लहान रिचार्ज करून महिनाभर घरात, कामाच्या ठिकाणी आणि रोजच्या प्रवासात ते वापरून पाहावे. समाधान झाले की नंबर पोर्ट करावा. त्यासाठी केवळ तोंडी विनंती चालत नाही. PORT या इंग्रजी शब्दापुढे आपला नंबर लिहून १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवावा लागतो. त्यातून मिळणारा, नव्या कंपनीला द्यायचा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. पोर्ट झाल्यावर जुन्या रिचार्जची उरलेली मुदत मिळत नाही, म्हणून ती संपत आली असतानाच एसएमएस पाठवावा.