मोठी डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर लावले तर गाडी लवकर थांबते का?

तुम्ही विचारलंय की हॅचबॅकला मोठ्या, होलवाल्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर टाकले तर ब्रेकिंग किती सुधारेल. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि कॅलिपर म्हणजे पिस्टनने पॅड दाबून ती चकती आवळणारा चिमटा. मी वाईत 14 वर्षं गॅरेज चालवतोय आणि नेमक्या याच विषयावरून माझं नि माझ्या मावसभावाचं चार वर्षं बिनसलंय, म्हणून लिहायला बसलो.

एकदाच कचकन ब्रेक मारल्यावर गाडी किती मीटरवर उभी राहणार हे शेवटी टायर ठरवतो. आत्ता जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर लागत असेल, तर तुमचे ब्रेक चाक लॉक करायला आधीच पुरेसे आहेत. तेच चाक आणखी आवळून रस्त्यावरची पकड वाढत नाही. आणि पिस्टन चार म्हणजे ताकद चौपट हे डोक्यातून काढून टाका, पिस्टनचा एकूण एरिया किती आणि पॅड डिस्कच्या मध्यापासून किती लांब दाबतो यावर ताकद ठरते. चार पिस्टनने पॅड सगळीकडे सारखा दाबला जातो, सारखा झिजतो, एवढा फायदा खरा आहे.

आता आमचं काय झालं ते सांगतो. मे महिना होता, दादा, म्हणजे हाच मावसभाऊ, पुण्याहून गाडी घेऊन आला, आई, मावशी आणि त्याचा मुलगा मागे, मी पुढे, महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. त्याने नुकत्याच होलवाल्या डिस्क बसवलेल्या, कॅलिपर कंपनीचेच पण लाल रंगवलेले. ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडे ओढत होती, मी निघतानाच म्हटलं दादा एकदा चाक काढून बघू, तर म्हणाला अलाइनमेंट आहे, आणि घाटात चौथ्या गिअरवर पाय सतत ब्रेकवर ठेवून तो उतरत राहिला. प्रतापगडचा फाटा मागे पडला आणि जळका वास यायला लागला. दोन वळणांनंतर दादा एकदम गप्प झाला, मी खाली बघितलं तर पेडल पार मॅटला टेकलेलं आणि गाडी तशीच चाललेली. मी ओरडलो, सेकंड टाक, आता फर्स्ट, आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू वर ओढला. हँडब्रेक ओढला की मागचे ड्रम ब्रेक केबलवर चालतात, त्याला ब्रेक ऑइल लागत नाही, म्हणून वाचलो. डोंगराच्या बाजूला गाडी उभी राहिली तेव्हा मागे मावशीने आईचा हात घट्ट धरलेला होता, ते मी अजून विसरलो नाही.

चाकातून धूर येत होता आणि दादा पाण्याची बाटली घेऊन ओतायलाच निघाला, मी हात धरला. लालबुंद तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर डिस्क वाकते, तडकते. तासाभराने पेडल परत कडक झालं, तेव्हापासून दादाचं म्हणणं की "काही बिघडलंच नव्हतं, कॅलिपर लहान पडले, चार पिस्टनचे पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी मी चाक उघडलं. डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. हा कॅलिपर फ्लोटिंग, त्याला पिस्टन फक्त आतल्या बाजूला, तो आतला पॅड दाबतो आणि सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनवरचं ग्रीस वाळून दगड झालेलं, कॅलिपर सरकतच नव्हता, डावं चाक अर्धंच काम करत होतं, म्हणून गाडी उजवीकडे ओढायची. ब्रेक ऑइल चहासारखं काळं. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट 3 जातीचं ऑइल नवं असताना 205 अंशाला उकळतं, पाणी प्यायलेलं 140 ला. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं, थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल वर येतं. त्याचं "काही बिघडलंच नव्हतं" ते एवढंच.

घाटात किती उष्णता होते तेही बघा. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत उतार बाराशे मीटरच्या वर आहे. हा सगळा ब्रेकवर उतरलात तर शंभरच्या स्पीडवरून गाडी 30 वेळा थांबवण्याएवढी उष्णता होते, गाडीचं वजन कितीही असो. इंजिनला ओझं घेऊ द्या, लहान गिअरमध्ये उतरा. होल पाडलेली डिस्क म्हणजे उष्णता साठवणारं लोखंड कमी, आणि दादाला तेच भारी वाटत होतं.

म्हणून आधी चारही पिना काढून साफ करा, त्यांचंच खास ग्रीस लावा, ऑइल दर दोन वर्षांनी बदला, टायर चांगले घ्या. दादा, हे वाचत असशील तर तुझी गाडी घेऊन ये, पैसे घेणार नाही.

आता एक सांगायचं राहिलं. गाडी नेहमी भरून घाटात चालत असेल किंवा तुम्ही ट्रॅकवर जात असाल तर मोठी, जाड, दोन पत्र्यांत हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क नक्की कामाची आहे, कारण ती उशिरा तापते आणि लवकर निवते. पण ती रिममध्ये बसली पाहिजे, आणि पिस्टन मोठे घेतले तर जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) कमी पडून पेडल लांब जातं, पुढच्या मागच्या चाकांचा बॅलन्सही बिघडतो, सुटे पार्ट गोळा करू नका. होलवाल्या आधीच घेतल्या असतील तर दर सर्व्हिसला होलांच्या कडेवर नख फिरवून बघा, नख अडकेल अशी चीर लागली तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवा.