डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे किती विवाह झाले आणि त्यांचे कौटुंबिक जीवन कसे होते?

बाबासाहेबांचे दोन विवाह झाले. पहिला 1906 च्या सुमारास, दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकाने उठल्यावर, आणि तेव्हा वर शाळेत शिकत होता, तर वधू जेमतेम नऊ वर्षांची होती. पती परदेशात शिकत असताना घरखर्चाची ओढाताण रमाबाईंनीच निभावली. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न बालपणीच गेले. पंढरपूरला जाण्याची रमाबाईंची इच्छा होती, परंतु अस्पृश्यांना देवळाबाहेरूनच परतावे लागे, म्हणून बाबासाहेबांनी त्यांना जाऊ दिले नाही. 27 मे 1935 रोजी दादरच्या ‘राजगृह’ या घरी रमाबाईंचे निधन झाले. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी पुढे त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला.

त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे ते एकटे राहिले. मधुमेह आणि इतर व्याधी बळावल्यावर उपचारांच्या निमित्ताने त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला आणि 15 एप्रिल 1948 रोजी, केंद्रीय कायदामंत्री असताना, दिल्लीतील निवासस्थानी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. लग्नानंतर सविता झालेल्या शारदा, म्हणजेच माईसाहेब, सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील असल्याने त्या काळी बरीच कुजबुज झाली. त्यांच्यावर बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर जे संशय घेतले गेले, ते मला अन्यायकारक वाटतात, कारण आपले आयुष्य लांबवण्याचे श्रेय स्वतः बाबासाहेबांनीच त्यांना लेखी दिले होते. या विवाहातून अपत्य झाले नाही; प्रकाश आंबेडकर हे यशवंतरावांचे पुत्र आहेत.