ठाणे स्टेशन म्हणजे शून्य

प्रश्न : बाई, माझा मुलगा तिसरीत आहे. पाढे तोंडपाठ, १२ ÷ ३ विचारलं की ४ सांगतो. तेच संख्यारेषेवर करायला दिलं की उत्तर हमखास ५. मग ही रेषा हवीच कशाला?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : तो शून्यावरचा ठिपकाही मोजतोय. ०, ३, ६, ९, १२ : ठिपके पाच, उड्या चारच. ही चूक मी स्वतः शिकवलेली आहे! नौपाड्यात शिकवत असताना फरशीवर खडूने रेषा आखली, आणि पहिला पोरगा शून्यावर उभा राहताच मीच म्हटलं, "एक!" अख्खा वर्ग एकाने चुकला. वर ओरडले पोरांवरच.

तुमच्या तर दारातूनच रेषा जाते, ठाणे-वाशी लोकलची. ठाणे शून्य धरा. दिघा गाव १, ऐरोली २, रबाळे ३, घणसोली ४, कोपरखैरणे ५, तुर्भे ६, सानपाडा ७, वाशी ८. आता मनातल्या मनात एकाआड एक स्टेशनावर थांबणारी गाडी सोडा : ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी. ८ ÷ २ = ४. ठाण्याला नुसते गाडीत बसलो, अजून कुठे पोचलो नाही, हे मुलांना चटकन पटतं. तीन-तीनच्या उड्या घेतल्या तर रबाळे, तुर्भे, आणि वाशी दोन स्टेशनं लांबच. ती बाकी. (दिघा गाव २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी वाशी सातवर यायची आणि माझा दोनचा भागाकार अडायचा.)

आता रेषा कशाला? पाढा ४ सांगतो, पण ४ काय, ते सांगत नाही. १२ लाडू ३ पोरांत वाटायचेत. एक फेरी झाली, प्रत्येकाला एकेक मिळाला, डब्यातून ३ गेले. ही एक उडी. म्हणून त्याला १२ वरून उलटं येऊ द्या : ९, ६, ३, ०. चार फेऱ्या, म्हणून प्रत्येकाला चार लाडू. डबा रिकामा होताना दिसला पाहिजे. खरे लाडू असले तर उत्तमच.

मोठ्या संख्यांना मात्र रेषेवर प्रत्येक उडीची एकेक कमान काढत बसू नका. ९६ ÷ ४ ला चोवीस कमानी काढून वही भरते, डोक्यात काही शिरत नाही. तिथे दहा उड्या एकदम : ४०. पुन्हा दहा : ८०. उरले १६, आणखी चार. झाल्या २४. पण हे पुढच्या वर्षी. सध्या त्याला रेषेवर बोट ठेवून ठाण्याहून वाशीला नेऊन आणा.