बाबा गेले. आता लग्नपत्रिकेत आईच्या नावापुढे 'सौ.'ऐवजी काय छापायचं?

काहीच नको. नुसतं पूर्ण नाव छापा. पुरुष अविवाहित असो, विवाहित असो की विधुर, तो 'श्री.'च राहतो. बाईचं मात्र कु., सौ., गं. भा. सगळं नवऱ्यावरून ठरतं. इंदुरात तर हे फार जाणवतं. हिंदी शेजाऱ्यांकडे नवरा असलेली बाई 'श्रीमती', आम्हा मराठी घरांत तोच शब्द वाचून लोक हळूच विचारतात, "यजमान कधी गेले?" माझ्या आईला तो प्रश्न दरवेळी लागायचा.

अहिल्याबाई १७५४ साली विधवा झाल्या आणि १७६७ ते १७९५ त्यांनी होळकरांचं राज्य चालवलं. त्यांच्या नावाआधी 'गं. भा.' लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग आपल्या आईलाच का?

छापखानेवाला सवयीने काहीतरी जोडेल, प्रूफ स्वतः तपासा.